फाळ्याची हलगी

मार्च सरायच्या आत वसुली पायजे म्हणून
महापालिकेनं आमाला धरलं. तीन हलग्या, एक कैताळ,
सहाशे रुपये रोज, वर च्या.
थकबाकीदाराच्या दारात वाजवायचं.
लाज निघाली की पैसा निघतो, म्हणाले चिकोडेसाहेब,
घरफाळ्याचे. काखेत यादी, डोक्याला रुमाल.
(माझं बी नऊशे बाकी हाय त्यात, खालच्या पानावर.
साहेबांनी बघितलं, पान उलटलं.)

पहिलं दार शनिवार पेठेत. मालन चौरे,
चटणीचं डंकाप, बाकी चार हजार तीनशे दहा.
मी ठेका धरला तो तालमीतला,
मैदानात जोड भिडली की वाजवतो तो,
दुसरा हाताला येतच न्हाई.
गल्ली गोळा झाली. पोरं नाचली, खोटं कशाला बोलू.
मालनबाई आली कोपरापातूर लाल,
डोळं पुसायचं हुतं पर हाताला मिरची.
सरळ हलगीवर पंजा ठेवला तिनं.
"आवळ्या, तुझ्या पोरीच्या लग्नाची चटणी
म्या कांडून दिलती रं."
ठेका मोडला.
डब्यातनं नोटा आल्या, साहेब शिंकत मोजत हुते,
पावती फाडली, रुपाया सोडला न्हाई.

दुपारपातूर सात दारं.
एका मास्तरांनी पैसे दिले, पाणी दिलं,
आणि आत जाऊन खिडकी लावून घेतली.

यादीत सगळ्यात वर असलेलं नाव
साहेबांनी सगळ्यात शेवटी ठेवलेलं.
ताराबाई पार्क. बंगला 'कृतार्थ'.
दोन हॉटेलं, एक मंगल कार्यालय, बाकी त्रेसष्ट लाख.
किसन्यानं आकडा बोटानं मोजला, शून्य धरून.
कातडं सैल पडलेलं. फाटकासमोर
पाला-कागद पेटवला, हलगी शेकायला धरली.
तेवढ्यात साहेबांचा फोन वाजला.
हो सर. हो सर.
साहेब झाडामागं गेले, आमी भिंतीच्या सावलीत.

किसन्या म्हणाला, कोर्टात आसणार बघ.
मग मालनबाईला का न्हाई कोर्ट?
कोर्टाला वकील लागतो, भावा,
वकिलाच्या पैशात तिचा दोनदा फाळा भागंल.
टोल घालवला या गावानं, ह्येला बी घालवू!
सदबा कैताळ पुसत हुता. म्हणाला, हळू बोल,
नातू माझा त्येच्याच हॉटेलात हाय, रोटीवर.
दोनशे चुली हायत त्येच्या जिवावर.
त्येच्या जिवावर, का दोनशेंच्या जिवावर त्यो?
सदबा काय बोलला न्हाई.

मी बी गप्प. महापुरात सुतारवाडा बुडाला
तवा शाळेत पाच दिवस ह्येचीच भाकरी खाल्लीया.
चादर दिलती, कोपऱ्यात नाव छापलेलं.
धुऊन धुऊन ऊब गेली, नाव हाय तसं हाय.
त्येचा उपकार रोज अंगावर घेऊन झोपतो मी.
मालनबाईचं चार हजार कुठं जातंय?
गटारीत, दिव्यात, त्या शाळेच्या पत्र्यात,
माझ्या सहाशेत बी आसंल चिमूटभर.
कशावरच तिचं नाव न्हाई.

साहेब आले. रुमाल सोडून मान पुसली.
"आवळे, राहू दे. स्थगिती हाय."
आणि आमचं सहाशे?
"बिल टाका. एप्रिलात निघंल."

हलगी अजून जाळावरच हुती, सवयीनं.
मालनबाईचा पंजा कातड्यावर तसाच,
पाच बोटं लाल. ती तापली.
आदी किसन्याला ठसका लागला, मग सदबाला,
मग साहेब वाकून वाकून, डोळ्यांतनं धारा.
वॉचमन खुर्ची टाकून पळाला.
भिंतीपलीकडं कुत्रं शिंकलं, एकदा, दोनदा,
आणि वरच्या मजल्यावर, पडद्याआड,
कुणीतरी मोठं माणूस
खोकतच राहिलं.

वाजवलं न्हाई आमी. कागदावर तसंच लिवा.